परिचारिकांची चौकशी
रुग्णाच्या शुश्रूषेविषयी पोलीस चौकशी झाल्यास परिचारिकेस वैधानिक संरक्षण लाभते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४) हिच्या कलम १८० नुसार खरी उत्तरे देणे तिच्यावर बंधनकारक असते. तथापि ज्या उत्तराने तिच्यावरच फौजदारी आरोप येण्याचा संभव असतो, ते देण्यास ती बांधलेली नसते. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील या तत्त्वाचा नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने व्यापक अर्थ लावला. साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाहून अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही (कलम १७९). पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही (कलम १८१). रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीस मात्र ही कलमे लागू नाहीत. तेथील लेखी निवेदन पुढे पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते.