नावात डॉरमाऊस, दातांत उंदीर

कोडगूपासून पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकापर्यंतच्या सदाहरित अरण्यांत झाडांवर राहणारा एक लहानसा कृंतक आहे. डोके व धड मिळून १३-१४ सेंटिमीटर, पाठ तांबूस तपकिरी, पोट मळकट पांढरे. पाठीवरच्या केसांत चपटे, टोकदार काटे मिसळलेले असतात. शेपटीच्या टोकाला लांब केसांचा झुबका असतो. फांद्यांवरून धावताना तोल सावरण्यास ती उपयोगी पडत असावी. महाराष्ट्रातील सह्याद्रीत हा प्राणी आढळत नाही.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव दिले प्लाटाकँथोमिस लासियुरस. पहिल्या शब्दाचा अर्थ चपट्या काट्यांचा उंदीर, दुसऱ्याचा केसाळ शेपटीचा. वर्गात लॅटिन-ग्रीक नावे पाठ करून घेण्यापेक्षा अशी फोड करून दाखवली, तर नावातच प्राण्याचे चित्र सापडते.

इंग्रजीतले रूढ नाव मात्र फसवे आहे: 'मलबारचा काटेरी डॉरमाऊस'. डॉरमाऊस हे युरोप, आफ्रिका व आशियाच्या काही भागांतले झुबकेदार शेपटीचे, झाडांवर चढणारे कृंतक. आपल्या प्राण्याची शेपटी तशीच, राहणीही तशीच. शिवाय दाढांवर तिरप्या, समांतर कंगोऱ्यांची नक्षी. तीही डॉरमाऊसच्या दाढांसारखी. तेव्हा जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला त्या कुळात बसवले यात नवल नाही.

पण दाढा नुसत्या पाहू नयेत, मोजाव्यात! खऱ्या डॉरमाऊसच्या जबड्यात वर-खाली, प्रत्येक बाजूस एक उपदाढ व तीन दाढा असतात; म्हणजे एकूण १६. आपल्या प्राण्याला उपदाढा नाहीतच. दाढा फक्त १२, अगदी घरातल्या उंदराइतक्या. नक्षी आहाराप्रमाणे वेगवेगळ्या कुळांत सारखी होऊ शकते. दातांची संख्या सहसा इतक्या सहजी बदलत नाही. काट्यांचेही तेच. आपल्या दख्खनच्या माळरानावर, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या मूस प्लॅटिथ्रिक्स या उंदराचे केसही चपटे व काटेरी असतात, पण तो याचा जवळचा नातलग नव्हे. साळिंदराची तर गोष्टच वेगळी.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दातांची साक्ष खरी ठरवली, आणि पुढची गोष्टही सांगितली. उंदीर, घुशी, हॅमस्टर वगैरे ज्या मोठ्या गटात येतात, त्याच्या वंशवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली फांदी या प्राण्याच्या कुळाची आहे. त्या फांदीवर आज दोनच प्रजाती-समूह उरले आहेत. दुसरा आहे चीन व व्हिएतनाममधला टिफ्लोमिस. त्याचे डोळे इवलेसे असून तो वटवाघळांप्रमाणे प्रतिध्वनीवरून वाट काढतो. या कुळाचे जीवाश्म युरोपातही मिळाले आहेत. पूर्वी केवढा पसारा होता पाहा!

हा प्राणी निशाचर असून झाडांच्या ढोलीत घर करतो. जमिनीवर सापळे लावून तो क्वचितच हाती लागतो, त्यामुळे बराच काळ तो अतिदुर्मिळ समजला जाई. कळक्काड-मुंडनतुराईच्या अरण्यात संशोधकांनी सापळे झाडांवर बांधले, तेव्हा तो तितका विरळ नसल्याचे कळले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. याच अरण्यात कुलेनिया नावाचा उंच वृक्ष आहे. फळांची टंचाई असते त्या दिवसांत त्याला मांसल फुले येतात. ती खायला माकडे, उदमांजर व हा काटेरी उंदीरही येतो. तोंडाला चिकटलेले पराग तो दुसऱ्या फुलापर्यंत नेत असावा. त्याला फणस व मिरीही आवडतात, म्हणून मळेवाल्यांकडून त्याला 'मिरीचा उंदीर' असे नाव मिळाले. ताडीच्या मडक्यांत सापडल्याच्याही जुन्या नोंदी आहेत!

त्याला असुरक्षित प्रजातींत गणले आहे. त्याला हवे ते जुने, पोकळ झालेले झाड, आणि शेजारच्या झाडाला भिडलेल्या फांद्या. वेलदोडा व कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी थोडी झाडे राखतात, त्यामुळे लांबून रान हिरवेच दिसते. पण झाडांतले अंतर वाढलेले असते, आणि पोकळ खोड निरुपयोगी म्हणून बहुधा सर्वांत आधी तोडले जाते.