कथा वाचकापर्यंत कशी पोचते?

इ. स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एका लहानशा पुस्तकाच्या ५०० प्रती छापून बाहेर पडल्या. पुस्तकाचे नाव 'स्त्रीपुरुष तुलना', किंमत ९ आणे. लेखिका ताराबाई शिंदे या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. तेथून हा छापखाना तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर होता. स्त्रियांना नाना दोष लावणाऱ्या समाजाला ताराबाईंनी या पुस्तकात सडेतोड उत्तर दिले आणि त्या काळच्या कथा-नाटकांत रंगविलेल्या स्त्रीचित्रांचाही समाचार घेतला. जोतीराव फुले यांनी १८८५ साली या पुस्तकाची बाजू उचलून धरली. तथापि पाचशे प्रती त्या किती पुरणार? हळूहळू पुस्तक विस्मरणात गेले. संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले, तोपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही.

लिहिणे एक आणि लिहिलेले वाचकाच्या हाती पडणे दुसरे, हे यावरून ध्यानात येते. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

प्रथम लिहिण्याविषयी पाहू. याच जिल्ह्यातील चिखली तालुक्यात अमडापूर हे गाव आहे. कादंबरीकार सदानंद देशमुख यांचा जन्म तेथला. त्यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुष्कळ शिकूनही नोकरी न मिळालेला आणि शेतीत पाय रोवता न येणारा एकनाथ तनपुरे हा तिचा नायक. अशी कादंबरी केवळ कल्पनेच्या बळावर उभी राहत नाही. पाऊस लांबल्यावर घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, कर्जाचा विषय निघताच कोण उठून ओसरीवर जातो, हे पाहून, ऐकून मनात मुरवावे लागते. म्हणून कथाकाराची पहिली सवय लिहिण्याची नसून ऐकण्याची असते, असे मला वाटते. मग टिपण, त्यानंतर कच्चा खर्डा, त्यावर काटछाट आणि पुन्हा पहिल्यापासून लेखन. कोणी पहाटे लिहितो, कोणी रात्री. त्या वेळेला फारसे महत्त्व नाही.

ऐकलेली बोली कागदावर उतरविणे मात्र नाजूक काम आहे. वऱ्हाडी माणूस पुष्कळदा 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो. कथेतील आजीच्या तोंडी 'डोया' हाच शब्द हवा. परंतु दूरच्या शहरातील एखादा मुद्रितशोधक तो चूक समजून दुरुस्त करील, तर आजीचा आवाजच नाहीसा होईल! आजचा संगणकही अशा शब्दाखाली लाल रेघ ओढतो. ती रेघ मानायची की नाही, हे लेखकाने ठरवावयाचे असते.

प्रकाशनाची रीत लेखनाच्या सवयीतही शिरते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले व त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. अशा लेखनात एकदा छापलेले प्रकरण मागे घेता येत नाही, आणि अंकाची तारीख कोणासाठी थांबत नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत जो पाल्हाळ आढळतो, तो या रीतीमुळे आला असे टीकाकारांनी म्हटले आहे. पण वाचकाला पुढच्या अंकाची ओढ लागली, तीही याच रीतीमुळे. आज मोबाइलवर भागाभागाने कथा प्रसिद्ध करणारा तरुण लेखक नकळत हरिभाऊंच्याच वाटेने चालत असतो.

आता डिजिटल प्रकाशनाकडे वळू. छापील पुस्तकाचा बराचसा खर्च पहिली प्रत निघण्यापूर्वीच होतो. अक्षरजुळणी करणे, मुद्रिते तपासणे आणि यंत्र सिद्ध करणे हा सारा व्यय प्रतींच्या संख्येवर विभागला जातो. म्हणून शंभर प्रती महाग पडतात व हजार प्रती स्वस्त. नवख्या कथाकाराच्या हजार प्रती कोण घेणार, असा प्रश्न प्रकाशकाला पडला तर त्यात त्याचा दोष नाही. ई-पुस्तकाची पहिली प्रत तयार करण्यास श्रम पडतात, पण पुढील प्रतींना जवळजवळ काहीच लागत नाही. नांदुऱ्याचा वाचक आणि न्यूयॉर्कचा मराठी वाचक यांना ती एकाच क्षणी मिळू शकते. डोळे अधू झालेल्या वाचकाला अनेक ई-पुस्तकांतील अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही सोय मला विशेष मोलाची वाटते.

हे शक्य होण्यास एक अडचण दूर व्हावी लागली. पूर्वी संगणकावरील प्रत्येक मराठी टंकाची सांकेतिक भाषा वेगळी असे. बुलढाण्यात टंकलिखित केलेली कथा पुण्याच्या संगणकावर उघडली, की अर्थहीन चिन्हांचा गोंधळ दिसे. 'युनिकोड' या जागतिक पद्धतीत १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला कायमचा क्रमांक मिळाला. 'क' चा क्रमांक २३२५, 'ष' चा २३५९ आणि पाय मोडण्याच्या खुणेचा २३८१. 'क्ष' लिहिताना संगणक या तीन क्रमांकांची साखळी साठवितो व पडद्यावर एक जोडाक्षर दाखवितो. ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यास पुढे बरीच वर्षे लागली. किंडल या वाचनयंत्रावर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. ठाण्याचे 'ई साहित्य प्रतिष्ठान' तर मराठी ई-पुस्तके वाचकांना विनामूल्य देत आले आहे.

मग लेखकाने हा मार्ग डोळे मिटून धरावा काय? स्वतःच प्रकाशक झालेल्या लेखकाला संपादक, मुद्रितशोधक आणि चित्रकार यांची कामे करावी लागतात किंवा करवून घ्यावी लागतात. कच्चा खर्डा एका बोटाच्या दाबासरशी जगापुढे ठेवता येतो, हा मोह मोठा आहे. छापखान्याचा विलंब पूर्वी लेखकाला आपोआप पुनर्विचाराची सवड देत असे. शिवाय डिजिटल पुस्तक अमर असते, असेही नव्हे. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, परंतु त्यांनी विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली.

ताराबाईंचे पुस्तक ९३ वर्षांनी पुन्हा प्रकाशात आले, ते कोठेतरी कागदावरची प्रत उरली होती म्हणून. हे जाणणारा लेखक ई-पुस्तक काढतो, मूळ संहिता दोन-तीन ठिकाणी जपून ठेवतो आणि मागणीप्रमाणे छापण्याच्या नव्या सोयीचा लाभ घेऊन दहा-वीस प्रती कागदावरही छापून घेतो. त्यांतली एक गावच्या वाचनालयात जाते.