बाटलीतली राणी

मुंगी कुणी पाळते का हो? गाय पाळावी, कोंबडी पाळावी, फार तर पिंजऱ्यात पोपट. मुंगीच्या बिळाशी आपण चिमूटभर साखर घालतो आणि घरातल्या साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतो. आपला आणि तिचा संबंध एवढाच. पण मध्यंतरी एका प्राथमिक शिक्षकांनी मला विचारले, "वर्गात काचेच्या पेटीत मुंग्या ठेवाव्या म्हणतो. शिस्त, कामाची वाटणी, सारे मुलांना डोळ्यांनी दिसेल. फोनवर पाहून राणी मुंगी टपालाने मागवता येते म्हणे. परदेशी जातीसुद्धा मिळतात, मोठ्या आणि दिसायला सुरेख. मागवू का?"

हेतू उत्तम होता. तरी मी लगेच "मागवू नका" म्हटले. का म्हटले ते सविस्तर सांगितले पाहिजे. नुसत्या "नका"ने शिक्षकांचे समाधान होत नाही, आणि मुलांचे तर मुळीच होत नाही.

हा छंद आजचा नव्हे. इंग्लंडातील सर जॉन लबक या गृहस्थांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात दोन काचांच्या मध्ये मातीचा पातळ थर ठेवून मुंग्या पाळल्या. त्यांनी एक राणी जवळजवळ १५ वर्षे सांभाळली. पुढे १९५६ साली अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी पेटी विकायला काढली. पेटीबरोबर एक चिठ्ठी मिळे, ती पाठवली की मुंग्या टपालाने घरी येत. अशा लाखो पेट्या खपल्या. मात्र त्या टपालात राणी कधीच नसे. परवान्यावाचून राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायची नाही, असा तिथला कायदा. मुले काही महिने मुंग्यांची भुयारे पाहत, मग मुंग्या म्हाताऱ्या होऊन मरत, आणि खेळ तिथेच संपे.

राणी नसे, यातच सगळे मर्म आहे बरं का. कामकरी मुंगी म्हणजे झाडाचे पान. ते तुटून कुठेही पडले तरी तिथे झाड उगवत नाही. राणी म्हणजे बी.

ते बी कसे रुजते पाहा. मृगाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. त्यांत वाळवीचे पुष्कळ असतात, पण मुंग्यांचेही असतात. त्यांतली मादी म्हणजे होऊ घातलेली राणी. हवेतच तिचे मीलन होते, आणि नराचे बीज ती जन्मभर पोटात साठवून ठेवते. खाली उतरली की पंख टाकून देते. ओल्या मातीत बोटभर खोल खोली करते आणि तोंड आतून बंद करून घेते. पहिली पिल्ले मोठी होईपर्यंत बऱ्याच जातींच्या राण्या अन्नाचा कणही घेत नाहीत. पंख हलवणारे जे स्नायू आता निरुपयोगी झाले, तेच शरीरात विरघळतात आणि त्यांवर आई जगते, लेकरेही जगतात. अशी एक राणी पुढे वर्षानुवर्षे अंडी घालते.

छंदी माणूस राणीला गाठतो ते नेमके या वेळी. प्रयोगशाळेतली काचेची नळी घ्यायची, तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, आणि तोंडाशी पुन्हा कापूस. राणीला वाटते खोली सापडली. अशा नळीत ती आठवडेच्या आठवडे राहते, आणि नळी खिशात मावते.

केनियात एप्रिल २०२५ मध्ये हीच गोष्ट उघडकीला आली. अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन बेल्जियन मुलांजवळ नैवाशा येथील मुक्कामी सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, त्याही २,२४४ नळ्यांत कापसाच्या बोळ्यांनिशी. बहुतेक राण्याच होत्या. धान्याचे दाणे वेचून साठवणारी ती तांबूस रंगाची मोठी आफ्रिकी मुंगी. युरोपातील शौकीन तिच्या एका राणीला शंभर डॉलर आणि त्याहूनही अधिक मोजतात. ७ मे २०२५ रोजी न्यायालयाने दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाचा तुरुंगवास सुनावला. हत्तीचे दात, गेंड्याचे शिंग यांच्या चोरीची सवय असलेल्या त्या देशात मुंग्यांसाठी शिक्षा झाली, म्हणून जगभर बातमी गाजली. पण केनियाचे म्हणणे रास्त होते. राणी उचलली की तिथले एक होणारे वारूळ गेले. आणि जिथे ती पोचणार, तिथल्या शेताने तिला कधी बोलावले होते?

तुम्ही म्हणाल, मुंग्या तर जहाजातून, लाकडातून, कुंड्यांतल्या मातीतून सदा फिरतच आल्या आहेत. छंदी लोकांच्या चार बाटल्यांचे एवढे काय? शंका खरी आहे. बहुतेक उपद्रवी मुंग्या मालाबरोबरच पसरल्या. पण जहाजातली राणी चुकून येते. वाटेत उपाशी मरते, चिरडते, कोरडी पडते. बाटलीतली राणी ओल्या कापसात जपून आणलेली असते. उतरल्यावर तिला ऊबही मिळते आणि मधाचा थेंबही. हजारांत एखादी जगायची, तिथे आता बहुतेक जगतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पाळायला सोपी मुंगी कोणती? जी काहीही खाते, भराभर वाढते, जागा बदलली तरी कुरकुरत नाही, आणि जिच्या एका घरात अनेक राण्या न भांडता नांदतात. आणि परक्या मुलखात माजणारी मुंगी कोणती? हीच. नवशिक्याला जी आवडते तीच सुटल्यावर आवरत नाही. स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०२१ साली हा बाजार तपासला. पाचशेहून अधिक जातींच्या मुंग्या विक्रीस होत्या, आणि त्यांत उपद्रवी जातींचे प्रमाण निसर्गातल्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. चीनमधील बाजाराच्या अशाच पाहणीत, विकल्या जाणाऱ्या जातींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक परदेशी आढळल्या. कायद्याने बंदी असून!

आता माजणे म्हणजे काय ते सांगतो. दक्षिण अमेरिकेतली तांबडी अग्निमुंगी गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकाच्या सुमारास अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली. १९४२ साली तिथल्या एका १३ वर्षांच्या मुलाने आपल्या घराजवळ तिचे वारूळ हेरले. तोच पुढे मुंग्यांचा जगद्विख्यात अभ्यासक झाला, एडवर्ड विल्सन. ही मुंगी चावा घेऊन पकड बसवते आणि मग नांगी पुन्हा पुन्हा टोचते. दुसऱ्या दिवशी पांढरी पुळी येते, आणि एखाद्याला असे विष सोसत नसेल तर जीवही धोक्यात येतो. तिची राणी दिवसाला हजारावर अंडी घालू शकते. पूर आला तर साऱ्या मुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि राणीला मधे घेऊन तरंगत दुसऱ्या गावी जातात. १९५७ पासून अमेरिकेने विमानांतून लाखो एकरांवर जहाल औषधे टाकली. पाखरे मेली, जनावरे मेली, मुंगी राहिली. रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या पुस्तकात ही कहाणी आहे. २००१ साली हीच मुंगी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला आढळली; तेव्हापासून तिच्यामागे कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि अजून होत आहेत. २०२३ साली इटलीच्या सिसिली बेटावर तिची ८८ वारुळे सापडल्याचे जाहीर झाले. तिची एक बहीण आपल्या देशात फार पूर्वीच येऊन वसली आहे. बांधावर गवत कापताना जी तांबडी मुंगी हातावर आग पेटवते, ती कधी कधी हीच असते. थोरलीची भर नको, एवढेच.

दुसरी, लांब पायांची पिवळी मुंगी. डंख नाही, पण आम्ल फवारते. हिंदी महासागरात ख्रिसमस बेटावर जंगलात लाल खेकड्यांचे राज्य होते. १९८९ नंतर या मुंग्यांच्या मोठाल्या वसाहती तिथे दिसू लागल्या, आणि एक कोटीहून अधिक खेकडे मेले. खेकडे पालापाचोळा आणि रोपे खाऊन रान साफ ठेवीत. ते गेले तसे रान गच्च झाले. एवढ्या मुंग्यांना पोसत होते कोण? झाडांचा रस शोषणारे बारीक खवल्यांचे किडे. आपल्याकडे मावा आणि पिठ्या ढेकूण झाडावर बसतो आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या रांग लावतात, हे तुम्ही रोजच पाहता. मुंगी त्या किड्याची राखण करते, किडा तिला पोसतो, आणि मधल्या मधे झाड वाळते. म्हणून तिथे शेवटी २०१६ साली त्या किड्यांवर जगणारी एक सूक्ष्म माशी मलेशियातून आणून सोडावी लागली. ही पिवळी मुंगी भारतातही आहे. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यातल्या करंदमलै डोंगराच्या पायथ्याशी २०२२ साली तिने गुराख्यांना आणि गुरांना हैराण केले होते.

हौसेने आणलेली वस्तू कशी अंगावर येते, याचे दाखले आपल्या शिवारात पावलोपावली आहेत. घाणेरी फुलांसाठी आली. जलपर्णीही फुलांसाठीच. आणि १८४७ साली विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून मोठ्या आफ्रिकी गोगलगाई कलकत्त्याला आणल्या; तिथे चौरंगीच्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या. छंदच तो! लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनवाल्यांना २०२२ चा पावसाळा आठवत असेल. कोवळी रोपे रातोरात फस्त करणारी शंखी गोगलगाय ती हीच.

आता एक नाजूक मुद्दा. छंदाचा कंटाळा येतो, परीक्षा येतात, पेटी कोपऱ्यात पडते. मग घरातली आजी म्हणते, "अरे, जीव आहे तो, सोडून दे मोकळ्या रानात." मुंगीला साखर घालणाऱ्या घरात हे सहज होते, आणि कुणी त्याला पापही म्हणणार नाही. पण परक्या मुंगीच्या बाबतीत ही दयाच घातक ठरते. तुमच्या ओळखीत कुणाकडे बाहेरून आणलेली वसाहत असेल, तर ती बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या बागेत कुठेही सोडू देऊ नका. पेटी तशीच बंद ठेवून बर्फाच्या कप्प्यात दोन दिवस ठेवावी, नाहीतर उकळते पाणी ओतावे. ऐकायला कठोर वाटते खरे. मलाही लिहिताना बरे वाटत नाही.

शिवाय परदेशातून जिवंत कीटक मागवायला आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. २००३ सालचा वनस्पती-संसर्गरोधाचा आदेश तसे सांगतो. आणि देशी म्हणून विकलेली राणीसुद्धा दुसऱ्या टोकाच्या जंगलातली असू शकते. कोकणातली मुंगी विदर्भात नेण्यातही शहाणपण नाही. तिच्या अंगावरचे बारीक गोचीड आणि रोग तिच्याबरोबर जातात.

मग वर्गात काय करायचे? टपालाची गरजच नाही. शाळेच्या अंगणात सुपारीएवढा गुळाचा खडा एका कौलावर ठेवा. पहिली मुंगी किती वाजता आली ते फळ्यावर लिहा. मग दर पाच मिनिटांनी मोजा. रांग लागली की ओल्या फडक्याने तिची दोन बोटे रुंद वाट पुसून टाका आणि मुलांना बघू द्या. मुंग्या अडखळतात, मिशा हलवतात, इकडे तिकडे चाचपतात, आणि थोड्या वेळाने वाट पुन्हा जुळते. वाट डोळ्यांना दिसत नाही, मग पुसली काय, हा प्रश्न मुलांकडूनच येईल.

काचेतच दाखवायचे असेल तर मोठ्या बरणीत एक लहान बरणी उपडी ठेवा, मधल्या फटीत ओलसर माती भरा, बाहेरून काळा कागद गुंडाळा. अंगणातल्याच एका बिळातल्या वीस-पंचवीस काळ्या कामकरी मुंग्या त्यात सोडा. डंख करणाऱ्या तांबड्या नकोत, राणी नको. वर पातळ फडके घट्ट बांधा आणि बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा. कागद काढला की काचेलगत भुयारे दिसतील. दोन दिवस पुरेत. मग शाळा सुटताना त्यांना परत नेऊन सोडायचे, पण ज्या बिळातून आणल्या त्याच बिळाशी. दहा हातांवरच्या दुसऱ्या बिळाशी सोडल्या तर तिथल्या मुंग्या त्यांना वासावरून परक्या म्हणून ओळखतील आणि जगू देणार नाहीत. तेव्हा आणतानाच बिळाशेजारी एक खडा ठेवून खूण करा.