आंब्यावर चढलंय ते काय? मोरवेल की बांडगूळ?

ताईंनो, बांधावरचा आंबा वर्षाला चार पैसे देतो. त्यावर परकं हिरवं दिसलं की लगेच कोयता चालवू नका. आधी बुंध्याशी जाऊन बघा.

मोरवेलीचं (काही गावांत रानजाई) मूळ जमिनीत असतं. पानं समोरासमोर येतात आणि पानाचा देठच फांदीला पीळ घालतो. पावसाळा सरता पांढरी फुलं, मग पिसासारखी शेपटी असलेलं बी. ही आंब्याचा रस पीत नाही, पण शेंड्यावर पसरली की ऊन अडवते.

बांडगुळाचं मूळ फांदीतच घुसलेलं असतं. ते रस ओढतं, पुढची फांदी वाळते.

मोरवेल : बी उडायच्या आत गुडघाभर उंचीवर कापा. हिरवी वेल ओढू नका, आंब्याच्या कोवळ्या फांद्या मोडतात. वाळली की हलक्या हाताने सोडवा. हिच्या रसाने कातडीची आग होते, हाताला फडकं गुंडाळा. खालून पुन्हा फुटवे येतील, ते कुंपणावर वळवा.

बांडगूळ : फळं पिकायच्या आत, चिकटलेल्या जागेच्या वीतभर मागून फांदीसकट कापा. नुसतं खरवडलं तर परत फुटतं. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.

आणि झाडावर एकटीनं चढू नका, खाली कुणीतरी हवंच.