तब्येत सुधारली

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दिवाळीनंतर कायमच्या गावी गेल्या, साताऱ्याकडे. गुडघे साथ देईनासे झाले होते. निघताना डिंकाच्या लाडवांचा डबा हातात ठेवला, मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तब्येत मस्त सुधारली बघा ताई तुमची." त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात लांबच्या वहिनी माझ्या दंडाकडे बघत म्हणाल्या, "इंजेक्शन का नाही घेत गं तू? आमच्याकडे तिघी घेतायत."

2025 च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी; दोन्ही भूक मारून वजन उतरवणारी इंजेक्शनं. ज्यांना त्यांची खरोखर गरज आहे त्यांना ती लाभोत. पण भूक मारल्याची फुशारकी पंगतीत बसून मारायची, हे मला झोंबलं. मेलेली भूक परत आणण्यात माझी विशीतली बहुतेक वर्षं गेली आहेत.

शाळेच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डबा खाल्ला, वाढले. 2008 मध्ये 'टशन' सिनेमा आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्यातल्या नायिकेमुळे 'साईज झिरो' हा शब्द घरोघरी पोचला. सिनेमाला दोष देणार नाही, रात्रीचं जेवण मी त्याआधीच सोडलं होतं. फक्त त्यानंतर माझ्या आजाराचं कौतुक व्हायला लागलं. "किती बारीक झालीस! काय करतेस?" केस गळत होते, पाळी थांबली होती, मे महिन्यात मी स्वेटर घालून बसत होते. वजनाचा आकडा सांगणार नाही. या आजारातल्या मुली आकडे वाचतात ते स्पर्धा लावायला. मीही तेच करायचे.

पहिल्या डॉक्टरांनी निदान केलं ते 'हल्लीच्या मुलींची फॅडं' असं. दूध-केळी खा, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. जिमवाल्याने वजन वाढवायच्या पावडरीचा महागडा डबा गळ्यात मारला. तो मी रोज थोडाथोडा मोरीत ओतून संपवला.

2010 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. आता ताटावर बसवून कोंबणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी आधी रक्त तपासलं, ईसीजी काढला. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट भराभर पेशींत ओढलं जातं, पोटॅशियम-मॅग्नेशियमही घसरतं, हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले कैदी असेच जेवून दगावले होते. म्हणून सुरुवात बेताने, तपासण्या करत, मग चढतं प्रमाण. तीन जेवणं, तीन मधली खाणी. वजन करताना काट्याकडे पाठ. मावशींना बाईंची एकच अट होती: चोरून काही मिसळायचं नाही. त्यामुळे वरणात तूप आणि भाजीत दाण्याचं कूट माझ्यादेखत पडायचं, आणि मी मावशींवर ओरडायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि पळी धुवायच्या.

वजन वाढतं ते सिनेमातल्यासारखं नाही. दोन घासांत पोट तट्ट फुगायचं, घोटे सुजायचे. आधी पोट सुटलं, हातपाय काड्याच राहिले. आरशासमोर मी रडायचे. बाई म्हणायच्या, शरीर आधी तिजोरी भरतंय, वाटप मागाहून. वाटपाला वर्ष लागलं. मध्येच काही आठवडे सगळं नीट खाऊनही काटा हलेना, कारण शरीर मिळालेलं सगळं डागडुजीत जाळत होतं.

त्या काळात मी 'आम्ही सारे खवय्ये' चुकवत नसे आणि पाककृती वहीत उतरवत असे, न खाता. पुढे अँसेल कीज यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने शमत नव्हती. माझी वही वेडेपणाची नव्हती, उपाशीपणाची होती.

2011 च्या गणपतीत एका काकूंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "तब्येत सुधारली हं!" आपल्याकडे याचा अर्थ काय, हे सांगायला नको. मी त्या दिवशी दोन वेळा जेवले नाही. खरं म्हणजे ते वाक्य त्या वेळी जितकं खरं होतं तितकं कधीच नव्हतं. 2012 मध्ये पाळी परत आली. पेढे वाटावेत असं वाटलं, पण निमित्त काय सांगणार? 2013 च्या होळीला पुरणपोळी तुपासकट खाल्ली आणि दुपारी झोपले. किती खाल्ल्या ते मोजायचं राहून गेलं.

पुढेही घसरगुंड्या झाल्या. त्या एकसारख्याच असतात, कंटाळवाण्या.

'तब्येत सुधारली' हे वाक्य हल्ली मावशींखेरीज कोणी म्हणत नाही. आता थेट 'वजन वाढलं का' विचारतात आणि उपाय सुचवतात. ज्या वाक्याने मला उपाशी ठेवलं, त्याचीच आठवण यावी, ही गंमतच.

स्वयंपाकाच्या नवीन बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वरणात तूप घालू का ताई? हल्ली सगळे नकोच म्हणतात." मी 'घाला' म्हटलं. म्हणायला जरा वेळ लागला.