थांबण्याची किंमत
अमेरिकी फुटबॉलचा फँटसी खेळ : भाग ४

गेल्या आठवड्यात गुणांचा हिशेब पाहिला. चेंडू घेऊन धावत किंवा झेलून कापलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६. क्वार्टरबॅकने फेकून मिळवलेल्या दर २५ यार्डांना १ आणि त्याच्या फेकीवरच्या टचडाउनला ४. बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला आणखी १ गुण मिळतो. आज ड्राफ्टकडे वळू. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, पण ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी होणारी ही निवड पुढच्या चार महिन्यांचा पाया घालते, म्हणून तिला हा पूर्ण भाग दिला आहे.

ड्रीम इलेव्हन खेळलेल्यांनी एक सवय आधी सोडायला हवी. तिथे एकच खेळाडू हजारो जण आपापल्या संघात घेऊ शकत. ड्राफ्टमध्ये खेळाडू एकाने उचलला की बाकीच्यांसाठी तो संपला. १९६३ साली ओकलंडमध्ये बिल विंकनबाख यांच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला तेव्हाही हाच नियम होता. त्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी उचलला गेला जॉर्ज ब्लँडा. धावण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हते तो जिम ब्राउन तेव्हा उपलब्ध होता, आणि त्याच वर्षी त्याने १,८६३ यार्ड धाव घेतली. ब्लँडा मात्र क्वार्टरबॅकही होता आणि किकरही. एकाच माणसाकडून दोन वाटांनी गुण मिळतील, हा विचार त्या काळी कोणालाही पटण्यासारखा होता.

आज बारा जणांच्या लीगमध्ये पहिला नंबर क्वार्टरबॅकला सहसा मिळत नाही. प्रत्येक संघ दर आठवड्याला एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, या शेवटच्या तीन प्रकारांतला कोणीही एक जादा खेळाडू, एक किकर आणि एक डिफेन्स उतरवतो. समजा, हंगामाअखेर सर्वोत्तम क्वार्टरबॅकचे ३८० गुण होतील आणि बाराव्याचे २९०. सर्वोत्तम रनिंग बॅकचे ३२० होतील आणि चोविसाव्याचे १७०. एकूण गुण क्वार्टरबॅकचे जास्त आहेत. पण लीगमधल्या सगळ्यात कमनशिबी माणसालाही बारावा क्वार्टरबॅक मिळणारच आहे, म्हणजे पहिल्या क्वार्टरबॅकमुळे तुमची खरी कमाई ९० गुणांची. रनिंग बॅकमध्ये तीच १५० होते. जो ब्रायंट यांनी रुजवलेली ही आकडेमोड अजूनही ड्राफ्टचे पहिले व्याकरण आहे.

मात्र ती अपुरी आहे, आणि बहुतेक नवे खेळाडू नेमके इथेच थांबतात. बारावा कोण, यापेक्षा माझी पुढची पाळी येईपर्यंत काय शिल्लक राहील, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

नेहमीचा ड्राफ्ट नागमोडी असतो: पहिली फेरी १ ते १२, दुसरी १२ ते १, आणि पुन्हा तसेच. तुम्हाला पाचवा नंबर मिळाला तर तुमच्या निवडी ५, २०, २९, ४४, ५३ अशा पडतात. पाचव्या निवडीनंतर तुमच्या पुढे १४ खेळाडू जातात, विसाव्यानंतर फक्त ८, मग पुन्हा १४, पुन्हा ८. चौदांच्या मोठ्या खंडाआधी जी गोष्ट संपण्याची भीती आहे ती घ्यायची आणि आठांच्या छोट्या खंडाआधी धीर धरायचा. पहिला नंबर मिळालेल्याचे गणित आणखी कठोर असते. त्याची दुसरी पाळी थेट २४ वर येते, मात्र लगेच २५ वा खेळाडूही त्याचाच.

आता ४४ व्या निवडीपाशी जरा थांबू, कारण सारी गंमत इथे आहे. तुम्हाला एक क्वार्टरबॅक आवडला आहे आणि एक रिसीव्हरही. तुमच्या ४४ आणि ५३ या निवडींमध्ये निवड करणार ते फक्त चार संघ, म्हणजे ४, ३, २, १ आणि परत १, २, ३, ४. त्यांच्या याद्या पडद्यावर तुमच्यासमोर असतात. त्या चौघांनीही आपापला क्वार्टरबॅक आधीच घेतला असेल, तर एवढ्या लवकर दुसरा घ्यायला कोणी धजावणार नाही. रिसीव्हर आत्ता उचला, क्वार्टरबॅक ५३ व्या निवडीला जवळजवळ खात्रीने तुमचा. हे पाहायला पाच सेकंद लागतात, आणि तरी कित्येक जण ड्राफ्टभर केवळ स्वतःचीच यादी न्याहाळत बसतात.

यादीही नुसती १ ते १५० अशी सरळ लिहू नये. आंब्याच्या बाजारात करतात तशी प्रतवारी लावावी: एका प्रतीतले सहा रिसीव्हर जवळजवळ सारख्या तोलाचे, त्यांच्याखाली रेघ, मग पुढची प्रत. वरच्या प्रतीत सहा रिसीव्हर आणि एकच टाइट एंड उरला असेल, तर टाइट एंड घ्यावा, भले यादीत तो चार घरे खाली असो. शिवाय तुमच्या लीगच्या ॲपवर कोण सरासरी कितव्या क्रमांकाला जातो ते दिसते. तुम्हाला तिसाव्या क्रमांकाचा वाटणारा खेळाडू तिथे साठावा असेल, तर २९ व्या निवडीला त्याला घेणे म्हणजे हातातली संधी वाया घालवणे.

उरला सर्वांत वादाचा प्रश्न: रनिंग बॅक किती लवकर घ्यावेत? हा माणूस प्रत्येक धावेत अंगावर आदळणारे खेळाडू झेलतो, त्यामुळे जायबंदीही लवकर होतो. २०१३ मध्ये शॉन सीगल यांनी उलटी मांडणी केली. सुरुवातीच्या फेऱ्यांत रनिंग बॅक घ्यायचेच नाहीत, तिथे रिसीव्हर भरायचे आणि शेवटच्या फेऱ्यांत इतरांच्या रनिंग बॅकांचे राखीव खेळाडू गोळा करायचे. कोणाचा मोहरा पडला की त्याचे काम आपल्या माणसाकडे येते. २०२४ साली बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला मान क्रिश्चन मॅकॅफ्रीचा होता. पहिल्याच सामन्यात तो उतरला नाही, आणि जॉर्डन मेसन या राखीव खेळाडूने १४७ यार्ड धाव घेतली. मॅकॅफ्री त्या हंगामात अवघे ४ सामने खेळला.

पण त्याच वर्षी सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला आणि तिशी ओलांडलेला डेरिक हेन्री १,९२१. ज्यांनी रनिंग बॅक टाळले, त्यांनी हे दोघेही टाळले. म्हणून माझा कौल मधल्या वाटेला आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत एक दणकट रनिंग बॅक, मग तीन-चार रिसीव्हर, मग नवव्या फेरीपासून राखीव रनिंग बॅक. त्यातही ज्याच्या पुढचा खेळाडू जखमी झाला तर सगळे काम एकट्याकडे येईल, असेच निवडावेत. दोघा-तिघांत वाटणी होणार असेल तर जागा अडवू नये.

किकर आणि डिफेन्स शेवटच्या दोन फेऱ्यांत. त्याआधी नाहीच.

विश्रांतीच्या आठवड्यांची चिंता ड्राफ्टच्या दिवशी करू नये, कारण तोपर्यंत संघ अर्धा बदललेला असतो. २०२३ मध्ये पुका नकुआला बहुतेक लीगमध्ये कोणी घेतलेच नव्हते. त्याने १,४८६ यार्ड झेलून नवोदितांचा विक्रम केला, आणि पहिल्या आठवड्यानंतर ज्यांनी बाकावरची जागा मोकळी करून त्याला उचलले त्यांचा हंगाम पालटला.

पुढच्या आठवड्यात लिलाव पद्धत. तिथे नागमोडी रांग नसते, प्रत्येकाकडे बहुधा २०० डॉलरची काल्पनिक थैली असते, आणि आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्याला ती चटकन ओळखीची वाटेल.