कोंबड्या पाचजणींच्या, काळजी कोणाची?

मैत्रिणींनो, परसात चार कोंबड्या असाव्यात, मुलांना घरचं ताजं अंडं मिळावं, असं तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मनात येत असेल. पण चार दिवस माहेरी जायचं म्हटलं की दाणापाणी कोण बघणार, हा प्रश्न पडतो. अशा वेळी बचत गटातल्या पाचजणींनी मिळून कोंबड्या पाळणं सोयीचं ठरतं.

एकत्र येण्याचं खरं कारण मात्र लसीत आहे. मानमोडी म्हणजेच राणीखेत हा रोग आला की हिरवट हगवण लागते, माना वाकड्या होतात आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, लस हाच उपाय. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचतात. आता अडचण अशी, की लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या मापाची असते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी एकटी बाई ती कुठून आणणार? पाचजणींनी एकाच दिवशी पिल्लं आणली, तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणलेली एकच बाटली सर्वांना पुरते.

भागीदारीच्या दोन तऱ्हा आहेत. एक, सगळ्यांचं मिळून एकच मोठं खुराडं. दुसरी, खुराडं जिचं तिच्या घरी, पण पिल्लं, खाद्य, लस आणि विक्री एकत्र. सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या केसला भागातील आदिवासी बायकांची सहकारी संस्था या दुसऱ्या तऱ्हेनं उभी राहिली. तिथे प्रत्येकीची शेड घरामागेच असते. पिल्लं-खाद्य पुरवणं आणि पक्षी विकणं संस्था पाहते. बाजारभाव पडला तरी त्याचा सगळा फटका एकटीला बसत नाही.

दुसरी तऱ्हा बरी, याला आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी, बचत गटाच्याच केंद्रात, शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने दगावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे, एकाच ठिकाणी सहा हजारांहून अधिक कोंबड्या गेल्या. सगळी पुंजी एका छपराखाली असली की असं होतं.

मात्र घरोघरी खुराडी असली, तरी रोग आपणच चपलांना चिकटवून नेतो, हे विसरू नका हं! म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून घ्या.

१. वार वाटून घ्या. जिचा वार असेल तिला जमणार नसेल, तर बदली तिनंच शोधावी.

२. एक वही ठेवा. अंडी, खाद्य, आजारी-मेलेली कोंबडी, सगळं त्याच दिवशी लिहा. भांडणं तोंडी हिशेबातूनच होतात.

३. प्रत्येक खुराड्याची चप्पल वेगळी. आत शिरण्यापूर्वी आणि नंतर साबणानं हात धुवावेत.

४. बाजारातून आणलेली कोंबडी निदान दोन आठवडे वेगळी ठेवा.

५. कोंबडी मेली तर तोटा कोणाचा, हे आधीच लिहून ठेवा. लस देऊनही रोग आला तर तोटा सर्वांचा. दार उघडं राहून मांजरानं नेली तर जिचा वार तिचा, असा नियम करता येईल.

आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या, तर लाजेखातर लपवू नका, नाल्यातही टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू ठरला तर आसपासचे सगळे पक्षी नष्ट करतात. सरकारी भरपाई मिळते ती अशा नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर आपल्यासह शेजारणीचंही नुकसान!

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइटची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी करा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. दूर पांगून धापा टाकू लागली तर उकडतंय. आपल्याकडचा उन्हाळा तर ठाऊकच आहे! दुपारी खुराड्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी मातीच्या भांड्यात ठेवून दोन-तीनदा बदला. घरात सोयाबीन पुष्कळ असलं तरी कच्चं घालू नका. त्यातली प्रथिनं कोंबडीला पचत नाहीत. पेंड चालते.

श्रावणात आणि नवरात्रात अंड्यांना गिऱ्हाईक कमी, हे धरूनच पिल्लं कधी आणायची ते ठरवा. आणि नगरपरिषदेचा नियम काय आहे, शेजाऱ्यांना वासाचा त्रास होईल का, हेही आधी विचारा.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. कोंबड्या नंतर आणा. वही मात्र आधी आणा!